तीन कोऱ्या चिठ्ठ्या

तुमच्या घरी कधी ब्रेनस्टॉर्मिंग झालंय का हो? परवा आमच्या कोथरूडच्या घरी झालं. माझी लेक ऋचा आणि तिच्या ग्रुपमधली चौघं. प्रोजेक्टचा विषय दुसऱ्या दिवशी सरांना सांगायचा होता आणि दोन तास एकटी ऋचाच बोलत होती. लोणी काळभोरहून आलेली सुनीता हळूच म्हणाली, "माझ्याकडं एक आयडिया हाय."

तर ऋचा म्हणते, "थांब गं, आधी चांगल्या आयडिया होऊ देत." बाकीचे हसले!

माझं डोकंच फिरलं. भिशीच्या चिठ्ठ्यांचा डबा आणून मी टेबलावर आपटला. "आता तोंडं बंद. विषय चिठ्ठीवर लिहा. नाव घालू नका."

"आई, ही काय भिशी आहे?"

"नाही. भिशीत आम्ही एकमेकींचं ऐकतो."

पाच चिठ्ठ्या उघडल्या. तीन कोऱ्या. एकीवर 'ऋचा म्हणेल ते.' पाचवीवर 'साठवलेला कांदा सडू लागला की मोबाईलवर कळवणारं यंत्र.'

"तुझी कुठली गं, ऋचा?" मी विचारलं. तिने एक कोरी चिठ्ठी उचलून मुठीत चुरगळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा न घेता, माझ्याशी न बोलता कॉलेजला गेली आणि सरांना कांद्याचा विषय सुनीताने सांगितला.