मानाचा बैल अन् माझी पीएचडी

न्हाई, मला एक सांगा, मानसानं पीएचडी करावी तर कशावर करावी? आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी गावोगावच्या शिव्यांवर केली, भूगोलाच्या सरांनी नांदूरघाटच्या ओढ्यांवर केली, दोघंबी सुटले, दोघांच्याबी दारावर पाटी लागली... अन् मी? मला दुर्बुद्धी सुचली अन् मी घेतला ब्लॉकचेन! कावून? तर म्हनलं नवीन विषय हाय, कुनाला कळत न्हाई, कुनी इचारनार न्हाई! आई, माझी आई चंद्रभागाबाई, तिला समजून सांगायला बसलो. म्हनलं, आई, समज एक नोंद हाय, ती सगळ्यांच्या फोनात एकाच टायमाला लिहिली जाती, अन् एकदा लिहिली की ब्रह्मदेवाच्या बापाला खोडता येत न्हाई. तर आई म्हनली, "मंग आमच्या धाकट्या जावंचं तोंड काय येगळं हाय?" घ्या! चार वर्सांचा अभ्यास, अन् जाऊबाईच्या तोंडात बसला!

मी सोमेश्वर, तासिका तत्त्वावरचा कॉम्प्युटरचा प्राध्यापक. तासिका तत्त्व म्हंजे काय, म्हाईत हाय ना? तास घेतला तर मास्तर, न्हाई घेतला तर बेकार. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर माझी बायकोबी मला सर म्हनत न्हाई! पन आमच्या संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव, गावचे माजी सरपंच, कडक इस्त्रीचे मानूस, त्यांनी चारचौघात शब्द दिलता. "सर, तुमी फकस्त पीएचडी आना, दिवाळीत पर्मनंटची ऑर्डर घ्या. अर्जुनरावाचा शब्द हाय!" आता ह्या शब्दावर मी घर चालवीत होतो, पोरीचं नाव इंग्लिश शाळेत घातलं, सासऱ्याला ताठ मानेनं राम राम घालायला लागलो... अन् इकडं नोंदणीची मुद्दत संपत आलेली! यंदा प्रबंध दिला तर दिला, न्हाईतर सगळं मुसळ केरात.

अन् अशात गाईड काय म्हनतात? संभाजीनगरला आमच्या प्रियदर्शनी मॅडम, लई हुशार बाई, पन बोलनं असं की थर्मामीटर बोलतंय. "सोमेश्वर, नुसती थिअरी चालणार नाही. प्रत्यक्ष प्रयोग हवा. ज्यांचा एकमेकांवर अजिबात विश्वास नाही, अशी माणसं शोधा." म्हनलं, मॅडम, मी बीड जिल्ह्यातला हाय, तुमी उलटं सांगितलं असतं तर मला तकलीफ झाली असती!

तर प्रयोग कशावर? पोळ्यावर! आमच्या गावात पोळ्याला मानाची बैलजोडी येशीतल्या तोरनाखालून पहिली जाती, मंग बाकीचे बैल. एक वर्स वरल्या आळीचा मान, एक वर्स खालच्या आळीचा. वरल्या आळीचे अर्जुनराव, खालच्या आळीचे धर्मराज. किती सोपं हाय? पन गेल्या वर्सी कुनाचा मान होता हे कुनालाच आठवत न्हाई... म्हंजे आठवतं सगळ्यांना, पन ज्याचं त्याला आठवतं! दर पोळ्याला बैलांच्या शिंगाला रंग अन् मानसांच्या डोक्याला टाके! म्हनलं, हीच जागा. नोंद ब्लॉकचेनवर करायची. एकदा लिहिली की ब्रह्मदेवाच्या बापाला खोडता येत न्हाई, भांडनच मिटलं!

पन गाव ऐकंल तर! अगुदर एक जन डिजिटल नान्याचं गोड बोलून गावाला टोपी घालून गेलता, तवापासून कॉम्प्युटरवाला दिसला की लोक फोन धोतरात लपवायचे. "हा बी कॉइनवाला दिसतो!" आवं, कॉइन न्हाई, बैल हाय बैल! घसा बसला सांगून सांगून. शेवटी मारुतीच्या पारावर सगळे जमले. मी समजावलं, यंदा मान कुनाचा हे सगळ्यांनी आपापल्या फोनातून लिहून सांगायचं, निम्म्याहून जास्त फोन हो म्हनले की नोंद पक्की. अर्जुनराव तेवढे पुढं सरकले.

"सर, निम्म्याहून जास्त मानसं, का निम्म्याहून जास्त फोन?"

"फोन."

"बरं."

बास. एवढंच. तुमाला सांगतो, पुढाऱ्यानं 'बरं' म्हनलं की शहान्या मानसानं चपला घालाव्या अन् घर गाठावं. मी काय केलं? मी खूश झालो! म्हनलं, अध्यक्षांनी विषयात लक्ष घातलं!

अन् फोन वाढायला लागले हो! माझ्या प्रयोगात रोज नवे फोन, रोज नवे फोन, माझा आलेख असा वर चढला, मॅडमना पाठवला, मॅडम पहिल्यांदा म्हनल्या, "वा." मी लिहून टाकलं, 'ग्रामीण भागात तंत्रज्ञानाचा उत्स्फूर्त स्वीकार.' उत्स्फूर्त! अन् एक दिवस आमच्या शेजारच्या भिवराबाई दिसल्या, ऐंशीच्या म्हातारीच्या गळ्यात फोन. म्हनलं, मावशी, तुमी कवा शिकलात? "मला काय बाबा, रविराजनं अडकवलाय. तोच येतो, तोच दाबून जातो." रविराज म्हंजे अर्जुनरावांचा पुतन्या, पुण्यात एमसीए करून आलेला, काकाचा उजवा हात. त्यानं केजच्या दुकानातनं जुने फोन पोत्यानं आनलेले! मी गेलो जाब इचारायला, तर हसत हसत म्हनतो, "सर, एका मानसाला एकच फोन, असं तुमी कुठं लिहिलंय?"

न्हवतं लिहिलं. खरंच न्हवतं लिहिलं! मी मानसं मोजायची सोडून फोन मोजत बसलो! मॅडमला फोन केला तर म्हनतात, "एकाच माणसानं अनेक फोन घुसवायच्या ह्या हल्ल्याचं वर्णन शोधनिबंधांत आहे, पण इतका सुरेख नमुना मी पहिल्यांदाच बघतेय." सुरेख! तिकडं धर्मराजबी कडा गावच्या पाव्हन्यांचे फोन गोळा करायला लागले. गावात डोक्यांपेक्षा फोन जास्त, चार्जिंगला जागा मिळंना.

खांदेमळनीच्या दिवशी, म्हंजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांद्याला हळद-लोनी लागलं अन् इकडं नोंद पक्की झाली. निकाल मात्र सगळ्यांच्या फोनात कुलूपबंद, पोळ्यालाच उघडून वाचायचा ठरलं. पोळ्याला सगळं गाव येशीत. झुली, बाशिंगं, हलगीनं कान फाटलेले. अर्जुनरावांचे बैल तर असे सजवलेले की नवरदेव मागं सरावा! अर्जुनराव मिशीवर हात फिरवीत उभे, कारन हिशोब पक्का, फोन आपले, नोंद आपली. माइक माझ्या हातात. मी फोन उघडला, वाचलं... परत वाचलं. मंग म्हनलं, होईल ते होवो.

"यंदाचा अन् इथून पुढं कायमचा मान... रविराज अमरसिंह!"

हलगी थांबली. बैलसुदिक थांबले! बरं, अर्जुनरावांना फोन घेता येतो, बाकी काय येत न्हाई, सगळं पुतन्यावर सोडलेलं. अन् पुतन्यानं काकासाठी गोळा केलेल्या सगळ्या फोनातनं स्वतःचंच नाव दाबलं! वरून 'कायमचा'! धर्मराज तर टाळी देऊन हसायला लागले, स्वतःचा मान गेला तेबी इसरले.

"खोडा ते!" अर्जुनराव कडाडले. मी काय बोलायच्या आत सगळं गाव एका सुरात, "एकदा लिहिलं की ब्रह्मदेवाच्या बापाला खोडता येत न्हाई!" मीच शिकवलं होतं ना पारावर! आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वर्गाला माझं शिकवलेलं पाठ झालं, अन् ते ह्या टायमाला!

अर्जुनरावांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, मारुतीच्या मागं नेलं. आवाज एकदम मऊ. "सर, खोडू नका. माइकवर एवढंच म्हना की यंत्र बिघडलंय. उद्या सकाळी ऑर्डर घेऊन जा." बघा! उद्या सकाळी! दिवाळीची वाटबी बघायची न्हाई! आता यंत्र बिघडलंय म्हनलं, की नोकरी पक्की अन् प्रबंध चुलीत, कारन सगळं गाव साक्षीला. न्हाई म्हनलं, तर प्रबंध पक्का अन् नोकरी चुलीत. पोरीची शाळा दिसली, सासरा दिसला. माइकपाशी गेलो. तोंड उघडलं. अन् खरं सांगतो, न्हाई म्हनवलं! रक्त आटवून केलेलं काम, त्याला चारचौघात खोटं म्हनायचं, पोटच्या पोराला वळखत न्हाई म्हनल्यावानी वाटलं मला. म्हनलं, "यंत्र एकदम बरोबर हाय!" अन् खाली बसलो.

मंग काका-पुतन्या मारुतीच्या मागं गेले. काय बोलले देव जाने, पन आले ते गळ्यात गळा घालून! रविराजनं माइक घेतला. "मान माझाच हाय, नोंद तशीच राहील. पन काका मला वडलासारखे हायत, तवा बैल काकांचेच पुढं जातील!" अन् गेले की! हलगी वाजली, तोरन तुटलं, नोंद एकाची अन् बैल दुसऱ्याचे! मी म्हनलं, मेलो, आता मॅडम काय म्हनतील? मॅडम म्हनल्या, "उत्तम निष्कर्ष आहे. नोंद बदलता येत नाही, पण माणसं तिला विचारत नाहीत. लिहा." लिहिलं. मुद्दतीच्या आत दिलं. मॅडमनी मागं लागून दिवाळीच्या आत तोंडी परीक्षा घडवली, पदवी झाली. आई सगळ्या गल्लीत सांगून आली.

दिवाळीला पेढे घेऊन अर्जुनरावांच्या वाड्यावर गेलो. म्हनलं शब्द दिलाय, मानूस मोठा हाय, राग इसरला असंल. पेढा तोंडात टाकला त्यांनी. "अभिनंदन, सर! तुमी इमानदार निघालात. पन पर्मनंटची जागा रविराजला दिली, पोळ्यालाच मारुतीच्या मागं ठरलं तसं. त्याची पीएचडी होईल मागाहून."

म्हनलं, साहेब, अन् मी?

"तुमी हायतच की! रविराजच्या मागं लई व्याप हायत, तास घ्यायला सवड कुठली? त्याचे तास तुमीच घ्यायचे, तासिका तत्त्वावर." अन् दुसरा पेढा उचलला. चला, निघतो... साडेदहाला रविराज सरांचा तास हाय.