घरची अडचण : काही नाही

...अन् मले म्हन्ते कसे, "कुमुदिनी, बाहेर गेलं का मानूस घडते!" घडते म्हन्ते! आता तुमीच सांगा, बेचाळीस वर्साचा मानूस, दहावीतल्या पोरीचा बाप, अजून किती घडाचा राह्यला?

आमचे हे... नाव घेऊनच सांगते, व्यंकटेशराव, शेतकी खात्यात. कापसावर अळी दिसली का यायले जेवन सुचत नाई. गेल्या साली बिनपगारी रजा टाकून गेले थेट आफ्रिकेत, मलावीत! तिथल्या लोकायले कापूस शिकवाले! फुकट, सेवा म्हून! आठ दिवसातून एकदा फोन लागे, तं हे खुशीत... "काय लोकं हायेत वं! शिकवाले आलो, अन् मीच शिकून राह्यलो. वापस आलो का खात्यात माही किंमत वाढते, पाह्य!" अन् मी इथं आदिलाबादात गॅसच्या लाइनीत उभी. मानूस घडते!

तेवढ्यात काय झालं, दसऱ्यापासून आपल्या एका जिल्ह्याचे चार होनार, असं ठरलं. दफ्तरात नुस्ती पळापळ! कोन इथं राह्यते, कोन निर्मलले, कोन मंचिर्यालले, कोन आसिफाबादले... सगळ्याइकडून फारम मागवले. हे तिकडे, म्हून यायचा फारम आला घरी. भरला कोनं? मीच! शाळेत शिकवते ना, लय अक्कल!

बाजूले बसल्या सासूबाई. त्याईनं जिंदगीत एकच कागद लिवून घेतलेला, पोराच्या लगनाचा बायोडाटा. त्याच थाटात सुरू, "लिव, मुलगा परदेशात राह्यलेला. कुठंबी टाका, जुळवून घेते. खान्यापिन्याची कटकट नाई." मी बी लिवलं! नवऱ्याच्या तारीफीत हात काऊन आखडाचा?

शेवटचा रकाना, घरची अडचन. यायच्या बाजूच्या टेबलाचे नरसिंगराव, त्याईनं मायचा दमा, बायकोची चक्कर, सासऱ्याचा गुडघा लिवून वर एक कागद जोडला! अन् सासूबाई? "परक्या मानसाले घरची अडचन सांगते काय कोनी? लिव, काही नाई." मंग थांबल्या. माह्याकडे पाह्यलं. "लिव, सून हुशार हाये, सगळं घर एकटी सांभाळते."

तुमाले सांगते, डोळ्यात पानीच आलं. सोळा वर्सात पयल्यांदा! म्या त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

हे वापस आले. खोटं काऊन बोलू, घडूनच आले! आपलं ताट आपन घासते, समोरच्याचं आधी आयकते, मंग बोलते. मी खुश. आठ दिवसात हुकूम! नरसिंगराव त्याच टेबलावर, अन् आमचे हे पार आसिफाबाद जिल्ह्यात, प्राणहितेच्या काठाले! पळत गेले साहेबाकडे, "साहेब, मायले नीट दिसत नाई, पोरीची दहावी..." साहेबानं फारम पुढं सरकवला. "अहो व्यंकटेशराव, मलावीत राह्यलेल्या मानसाले प्राणहिता काय दूर! अन् घरी तं तुमच्या मिसेस हायेत की. दोन रेघा मारेल हायेत!"

लय जड जाते हो. सालभर एकेक दिवस मोजला, अन् आता हे शनिवारी येते, रविवारी जाते. परवा बॅग उचलली अन् पुन्ना तेच, "मानूस घडते..." मी म्हटलं, जा.

अन् सासूबाईले सांगतलं, "आत्याबाई, पुढल्या वक्ताले माही तारीफ कराची असंन ना, तं घरातल्या घरात करा!"