डल्सीच्या केकवरची जाळी

...आणि वर मलाच विचारतात, "मिस ट्रेगियर, तुम्ही तपासलं नव्हतं का?" अहो, तपासलं होतं हो मी! तुम्हाला सांगते, आमच्या महिला मंडळाच्या पंचाहत्तरीचं पाककृतींचं पुस्तक, त्यातला एकेक स्वल्पविराम मी भिंगाखाली धरला, 'पाव चमचा' कुठे 'पाऊण चमचा' झालाय का ते पाहिलं, आणि छापखान्याला पीडीएफ धाडण्याआधी प्रत्येक फोटोचं रेझोल्यूशनसुद्धा... इंचाला तीनशे ठिपके हवेत म्हणे, तर मुखपृष्ठावरच्या डल्सी मॅकव्हिटीच्या यंदा पहिल्या आलेल्या स्पंज केकच्या फोटोच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं, तीनशे! तीनशे म्हणजे तीनशे, नाही का?

तर छापखान्यातल्या शर्लीनचा फोन. "मिस ट्रेगियर, ते मूळ फोटोचं माप झालं. फोटो दोन इंचांचा, तुम्ही पीडीएफमध्ये ताणून आठ इंच केलात. दोन इंचांचं लोणी आठ इंचांवर फासलंत हो! इंचाला उरले पंचाहत्तर ठिपके. मोठा फोटो असेल तर पाठवा ना." आणि मी काय म्हणावं? "बाई, मी मॅट्रिकला गणितात पहिली आले होते. तुम्ही छापा!" तीनशेला चारानं भागायचं... तिसरीतलं गणित हो! अजून आठवलं की कानशिलं तापतात.

आल्या चारशे प्रती. गव्हाच्या कोठारांमागच्या आमच्या सभागृहात चहा मांडलेला, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, स्कोन, आणि मुखपृष्ठावर डल्सीचा केक... ठिपके फुगून अंगभर चौकटीच चौकटी! दुसरीकडे खपलं असतं हो. पण आमच्याकडे केक निववताना जाळीवर नुसता ठेवला आणि तारांचे ठसे उठले, तर प्रदर्शनातल्या स्पर्धेत तो बाद. बाद म्हणजे बाद! खाली टॉवेल अंथरायचा असतो. आणि डल्सी अकरा वर्षं पहिली, ती का? तर केकवर कधी एक रेघ नाही. परीक्षक कोण? मीच की! प्रत्येक केक तपासला होता हो मी!

झालं, बायका पुस्तक नाकाशी धरून... "अगं बाई, जाळीचे ठसे!" "डल्सी, टॉवेल महागले का गं?" "अकरा वर्षं अशीच जिंकलीस होय?" डल्सीचा चेहरा बीटासारखा. आणि मी? मी चहा ढवळत होते. साखर घेत नाही मी, तरी ढवळत होते! चाळीस वर्षांची मैत्रीण हो ती... डल्सी पर्स उचलून दाराकडे निघाली, तेव्हा कुठे उठले. "भगिनींनो, ही जाळी केकवरची नव्हे, माझ्या अडाणीपणाची आहे!" ठिपके सांगितले, इंच सांगितले, लोणीसुद्धा सांगितलं. तर अध्यक्षीणबाई म्हणतात, "म्हणजे ठसे जाळीचेच ना?"

शरमेनं अर्धी झाले. दाराशी धावत जाऊन डल्सीचे हात धरले, म्हटलं, क्षमा कर गं, मी तपासलं होतं, पण... तर ती कानाशी पुटपुटली, "लॉर्ना, पुरे कर. स्पर्धेच्या दिवशी टॉवेल ओला होता. जाळीवरच ठेवला होता मी. म्हटलं, तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही... आणि तू तर पहिलं बक्षीस दिलंस!"

घ्या! वीतभरावरून मला जे दिसलं नाही, ते पंचाहत्तर ठिपक्यांनी चारशे घरांत दाखवलं. आता डोळे तपासून घ्यायचे ठरवलंय मी... म्हणजे, दुसऱ्या कुणाकडून.