गोष्टआजी हरवली

फुकट आहे हो, सगळं फुकटच आहे इथे, ते पाकीट आत ठेवा आधी. नवीन माणूस आला की हेच करतो, पाकीट काढतो आणि दाराशी उभा राहतो, तिकीट कुठे फाडतात म्हणून — कुणी फाडत नाही, वाचनालय आहे हे. समोर ते नदीवरच्या पुलांच्या फोटोंचं प्रदर्शन, तेही फुकट, गुरुवारी संध्याकाळी गाणं असतं, महिन्यातून एकदा कुणी डॉक्टर येऊन गुडघ्यांवर बोलतो, आणि रविवारी सकाळी मुलांना गोष्टी. तुमचा मुलगा पहिल्यांदाच आलाय ना? मघाशी रडत होता तो, निळ्या बुटांचा? नाही, आता नाही रडत, आत गेली की गप्प होतात पोरं. बसा की. ही पिशवी माझी, थांबा, मांडीवर घेते — नको नको, तुम्ही उचलू नका, जड नाहीये, नातीचा स्वेटर आहे फक्त, आणि पाण्याची बाटली. बसा.

माझी नात पुढच्या रांगेत आहे. पुढच्याच रांगेत बसते ती, आधीपासून, कारण आधी गोष्टी मी सांगायचे. हो, मी. त्या पाटीवर ‘रविवारची गोष्ट’ लिहिलंय ना, ते नावही मीच सुचवलंय, त्या वेळी हा कार्यक्रमच नव्हता इथे, ती खोली नुसती मोडक्या खुर्च्या ठेवायला होती — ग्रंथपाल मॅडमना मी म्हटलं, खुर्च्या हलवा, सतरंजी टाका, मुलं मी बघते. मी नर्स होते. मुलांच्या वॉर्डात सगळी नोकरी गेली माझी, आणि गोष्ट सांगणं म्हणजे काय, ते तिथे शिकले मी — पोराला सुई टोचायची तर त्याचं लक्ष कुठेतरी दुसरीकडे गेलं पाहिजे, आणि नुसतं जाऊन भागत नाही, तिथे अडकलं पाहिजे. वाघानं दार वाजवलं, आतून आवाज आला, कोण आहे — आणि टोचली सुई. पोर रडायच्या आधी विचारायचं, मग कोण होतं? हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. तर इथे मी सांगायला लागले आणि खोली भरायला लागली, सतरंजी पुरेना, आया बाहेर या बाकावर बसायला लागल्या, हे बाकसुद्धा त्यासाठीच आणलं. मुलं मला गोष्टआजी म्हणायची. बाजारात भेटली तरी, भाजीच्या दुकानात, लांबून ओरडायची, गोष्टआजी. माझी सून म्हणायची, आई, तुमच्याबरोबर बाहेर पडायची चोरी झालीये.

मग हे आले. टोपीवाले. आत जे आहेत ना आत्ता, तेच — टोपी काढत नाहीत कधी, टक्कल आहे म्हणे, मी पाहिलेलं नाही, पाहायचंही नाही. बँकेत होते, निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा लांब. आधी नुसते ऐकायला यायचे. एवढा मोठा माणूस, बरोबर मूल नाही, नातवंड नाही, मागे भिंतीला टेकून बसायचे आणि माझ्या गोष्टी ऐकायचे. मला वाटलं बिचारे एकटे आहेत, येऊ देत. मीच म्हटलं होतं मॅडमना, येऊ देत — त्या विचारत होत्या की कोण हे गृहस्थ, मुलांच्यात का बसतात. मी म्हटलं, चांगले आहेत. आता कुणाला सांगू हे?

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, धुळीत बसायचं नाही. तर तेवढ्यापुरतं टोपीवाले म्हणाले, मी सांभाळतो. सांभाळतो म्हणाले हो, शब्द लक्षात आहे माझ्या. मी परत आले तर त्यांच्या हातात बाहुली. हातमोज्यासारखी घालायची असते ना, तशी — पांढरा अंबाडा, डोळ्यांवर तारेचा चष्मा, खांद्यावर राखाडी शाल. माझ्याकडे बघा जरा. बघा ना. अंबाडा आहे? चष्मा आहे? ही शाल कुठल्या रंगाची आहे? मग. आणि मुलांनी तिचं नाव काय ठेवलं असेल? गोष्टआजी. मी दारात उभी होते, हिरवी पट्टी नुकतीच निघालेली, आणि आत सगळी मुलं ओरडत होती, गोष्टआजी, गोष्टआजी, आणि मी हसत आत पाऊल टाकलं — तर मुलं त्या बाहुलीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. कापडाच्या बाईकडे.

संपल्यावर टोपीवाले स्वतः माझ्यापाशी आले, बाहुली हातात घेऊन, म्हणाले, तुमच्यावरूनच शिवली, रात्री-अपरात्री बसून शिवली, बोटं टोचून घेतली, तुमची आठवण राहावी मुलांना म्हणून. आठवण. माणूस डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होता, वर नाही गेला. पण मी काय म्हणणार? छान आहे म्हटलं. घरी गेले आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

मग मॅडम म्हणाल्या, आलटून पालटून करू या, एक रविवार तुम्ही, एक रविवार ते. माझ्या रविवारी मुलं यायची आणि विचारायची, बाहुली कुठंय? मग कमी यायला लागली. शेवटी शेवटी एकदा माझी नात होती आणि एक मुलगा होता, तो चित्रकलेच्या वर्गाला आला होता, चुकून आत शिरला होता, अर्ध्या गोष्टीत उठून गेला. मॅडम म्हणाल्या, तुम्ही थोडा आराम करा. गोड बोलतात हो त्या, आराम शब्द असा म्हणतात की आपल्याला वाटावं आपणच मागितला होता. आता मी नातीला सोडते आणि इथे बसते. आणि नात — ते जाऊ दे. नाही, ऐका, सांगतेच. परवा झोपताना म्हणाली, आजी, गोष्ट सांग. मी सुरू केली. तर मला थांबवून म्हणते, अशी नको गं, गोष्टआजीसारखी सांग. मी तिला म्हटलं, अगं मीच. तर म्हणाली, नाही, खऱ्या गोष्टआजीसारखी. अंधार होता म्हणून बरं.

हां, मॅडम. बसलेय मी, आत्ताच टेकलेय. काय झालं? बाहुली? नाही बाई. मी काय, नातीला बसवलं आणि बाहेर आले. टेबलावरच होती? मग असेल तिथेच, खाली पडली असेल, सतरंजीच्या घडीत वगैरे. हो हो, दिसली तर सांगते. लगेच सांगते.

गेल्या. घामाघूम झाल्यात बिचाऱ्या.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला दिसलं ना, पिशवीतून शाल बाहेर आलीये ते — मी मघापासून आत ढकलतेय आणि ती सारखी बाहेर येतेय. हो, आहे. माझ्याकडेच आहे. हळू बोला — तुम्ही काही बोलतच नाही आहात, ते आणखी वाईट. मी चोर नाही हो. एवढी वर्षं वॉर्डात काढली, औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची, कापसाचा बोळा घरी नेला नाही कधी. आज काय झालं, मी नातीला बसवायला आत गेले, टोपीवाले हात धुवायला गेले होते आणि ती टेबलावर पडलेली, उताणी, चष्मा छताकडे. माझा हात कधी पुढे गेला मला कळलंच नाही, असं म्हणतात ना लोक — मला नीट कळलं. मी उचलली, स्वेटरखाली घातली, नातीला म्हटलं नीट बस हं बाळा, आणि बाहेर आले. मला एवढंच बघायचं होतं, तिच्याशिवाय काय करतात ते. मुलं विचारतील, बाहुली कुठंय, आणि त्यांनाही कळू दे कसं वाटतं ते. एकदाच. एकच रविवार.

ऐका. शांत झालं आत. बघा, जमेना त्यांना. आता मुलं उठतील. तुमचा मुलगा बाहेर येईल आता, बघा तुम्ही —

हसली.

सगळी हसली. बाहुली नाहीये तरी? काय करतायत ते? तुमच्या बाजूने दिसतंय का फटीतून? टोपी काढलीये? टोपी काढून हातावर घातलीये आणि टोपीच बोलतेय? टकलावर काय आहे? काही नाही, टक्कल आहे नुसतं. आणि मुलं हसतायत. ऐका, आवाज ऐका त्यांचा, कुठे खाली आणतात, कुठे थांबतात — नाही, माझ्यासारखं नाही थांबत, मी तिथे थांबलेच नसते, मी पुढे गेले असते, आणि चुकले असते. चांगलं सांगतात. सांगून टाकते एकदा, तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगते, माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मी पोरांचं लक्ष उडवायला सांगायचे. ह्यांना कशावरून लक्ष उडवायचं नाहीये, ह्यांना नुसती गोष्टच सांगायचीये. मला वाटत होतं सगळं त्या बाहुलीचं आहे. बाहुलीचं असतं तर किती बरं झालं असतं.

तुम्ही नेऊन ठेवता का ही आत? म्हणजे मुलाला घ्यायला जालच ना, तेव्हा हळूच खुर्चीखाली — नको? मान हलवताय म्हणजे नकोच. बरोबर आहे तुमचं. तुम्ही कशाला पडाल यात. मीच ठेवीन, सगळे गेले की — टाळ्या वाजल्या, संपलं वाटतं. सुटली मुलं. तो बघा तुमचा, निळे बूट, हसतोय.

ये गं ये. झाली गोष्ट? छान होती? तहान लागली? थांब, बाटली मी देते, तू पिशवीत हात — अगं सोनू, थांब म्हटलं ना, मी काढते, स्वेटर ओढू नकोस —

हो. हो गं, तीच. सापडली मला. ओरडू नको एवढी. अगं — बरं, सांग सगळ्यांना, सांग. हो बाळांनो, मला सापडली. इथेच होती, बाकाखाली. नाही, लागलं नाही तिला. मॅडम, अहो मी आत्ता देणारच होते तुम्हाला, राहूनच — कशाला, टाळ्या कशाला, पुरे, बस्स. या टोपीवाले. घ्या तुमची. काय म्हणालात? मुलांनो, ऐकलंत का, हे म्हणतायत, ती रुसून खऱ्या गोष्टआजीकडे गेली होती. नाही, मला नको हातात, तुम्हीच घाला. पुढच्या रविवारी? दोघांनी मिळून? बघू. गुडघ्यावर आहे माझ्या. बघू म्हटलं ना. जा तू, बूट घाल, मी आले.

गेले सगळे. तुम्ही आहात होय अजून.

कळलं असेल का हो त्यांना? खऱ्या म्हणाले, खऱ्यावर जोर दिला, आणि माझ्या पिशवीकडे बघितलं, आणि हसले — चिडून नाही, तसंच, नेहमीसारखं. कळलंय. कळूनही असं. चार शब्द बोलले असते, मॅडमना सांगितलं असतं, तर मी घरी जाऊन त्यांना नावं ठेवली असती आणि शांत झोपले असते. एवढंही देत नाहीत मला. हेच सहन होत नाही मला त्यांचं, हेच, पहिल्यापासून. आणि टाळ्या — ऐकल्यात ना तुम्ही? माझ्यासाठी वाजल्या. सापडली म्हणून. कितीतरी महिन्यांनी. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. लाज वाटली आणि बरं वाटलं, दोन्ही एकदम, तुम्हाला होतं का कधी असं?

नका सांगू. जा तुम्ही, मुलगा दाराशी उभा आहे, भूक लागली असेल त्याला. आणि पुढच्या रविवारी आलात ना, तर पलीकडच्या बाकावर बसा.