जगबुडीचा शुक्रवार

...हसा, खुशाल हसा, पण आधी मला एक सांगा, माणसाचं डुक्कर चोरीला गेलं तर गावातले मानकरी जमतात, होडी गेली तर पोलीस येतो, आणि अख्खा दिवस गेला तर? अख्खा! सकाळ, दुपार, संध्याकाळची प्रार्थना, सगळं धरून! गुरुवारी डोळे मिटले, उघडले तर शनिवार! ताप नव्हता, दारू नव्हती, रोजच्यासारखा घोरत पडलो होतो, विचारा हवं तर मोएलांगीला, चाळीस वर्षं ते घोरणं ऐकतेय ती बाई... आणि रेडिओवरचा तो प्राणी आनंदानं किंचाळतोय, "शुभ शनिवार, सामोआ!" अरे शुभ कसला? आधी माझा शुक्रवार दे! तुम्हीच सांगा, तो शुक्रवार गेला कुठं?

सरकारनं खाल्ला. हो, सरकारच! व्यापाराला म्हणे ऑस्ट्रेलियाचा वार हवा. ते सोमवारी दुकान उघडायचे तेव्हा आम्ही रविवारी देवळात बसलेले. मग काय, वार बदलतो ती समुद्रातली रेघ सरकवली, आम्हाला उचललं आणि या बाजूला ठेवलं, आणि मधला एक दिवस पडला पाण्यात. तीस डिसेंबर, दोन हजार अकरा. तो आमच्याकडे झालाच नाही! मोएलांगीचा वाढदिवस नेमका तीसला. ती म्हणते, "म्हाताऱ्या, त्या वर्षी माझं वय वाढलंच नाही, आता मी तुझ्याहून आणखी एका वर्षानं लहान." घ्या! सरकारच्या गोंधळात बायका तेवढ्या तरुण होतात.

पण माझं दुखणं वेगळं आहे. त्याच शुक्रवारी जगबुडी व्हायची होती ना!

तानिएलुनं सांगितलेली. तानिएलु म्हणजे आमच्या गावचा इंजिनवाला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, म्हणजे उघडतो, आणि परत बंद केल्यावर दोन नट उरले की खिशात घालतो. ज्याला इंजिनाचे नट जुळत नाहीत त्याला म्हणे जगाच्या अंताचा हिशोब जुळला! वर्षाच्या सुरुवातीलाच देवळात उभा राहिला, डोळे वर, हात असे, आणि नाकातून आवाज, "बंधूंनोऽऽ, या वर्षाचा शेवटचा शुक्रवाऽऽर!" मी मागून ओरडलो, "किती वाजता रे? दुपारची झोप झाल्यावर की आधी?" लोक हसले. पण कसं हसले सांगू? पोटातून नाही. ओठातून. आणि हसता हसता सगळ्यांनी एकदा मान वळवून समुद्राकडे बघितलं.

का बघणार नाहीत? दोन वर्षंही झाली नव्हती लाटेला. तुम्ही कधी समुद्राला मागं जाताना बघितलंय? तो एकदम येत नाही हो. आधी मागं सरतो. श्वास ओढून घेतल्यासारखा. तळातले दगड उघडे, मासे तडफडतायत, आणि आवाज नाही. पक्षी नाही, वारा नाही, काही नाही... आणि मग येतो. ज्यानं हे बघितलंय त्याला उद्या कुणी सांगितलं की शुक्रवारी डोंगर शिंकणार आहे, तरी तो रुमाल घेऊन बसेल! शहाणी माणसं विचारतात, लोक असल्या थापांवर विश्वास कसा ठेवतात? बाबांनो, लाटेच्या आदल्या दिवशी कुणी आम्हाला ‘उद्या लाट येणार’ म्हणालं असतं तर आम्ही त्याला नारळ फेकून मारला असता. आता नारळ हातातच राहतो.

मग मे महिन्यात रेडिओवर बातमी, डिसेंबरातला तीस तारखेचा शुक्रवार रद्द! झालं! तानिएलु घराघरात, "बघितलंत? सरकारलाही कळलंय! म्हणून दिवस पुसला!" आमचे पाळकसाहेब म्हणाले, "तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही." शाळेतल्या बाईंनी वाळूत गोल काढला, मधोमध काडी मारली, म्हणाल्या, "काका, सूर्य तोच, सकाळ तीच, नुसतं नाव बदलणार." आणि गावाचे पडले दोन तट. एक तट म्हणे, शुक्रवारच नाही तर बुडणार कधी, सुटलो! दुसरा म्हणे, शुक्रवार नाही याचा अर्थच हा की गुरुवारनंतर काही नाही! आणि काही अतिशहाणे, त्यांनी मोजलं, तीस गेली म्हणजे शेवटचा शुक्रवार तेवीसचा. तेवीसला दिवसभर देवळात बसून त्यांनी एकदा मरून घेतलं. संध्याकाळी घरी येऊन जेवले.

आणि डुकरं! तुम्हाला सांगतो, त्या डिसेंबरात डुकराच्या जन्माला येऊ नये. उद्या जगच नाही तर डुक्कर कशाला ठेवायचं? रोज कुणाच्या ना कुणाच्या परसात डुक्कर भाजायचे दगड तापताहेत, रोज धूर, अळकुड्या उपटून संपल्या, नवी लागवड कुणी करीना, खाऊन खाऊन लोक इतके जड झाले की लाट आली असती तर यांना हलवू शकली नसती. माझी एक डुकरीण होती, ही अशी, पिंपासारखी. जो तो येऊन विचारी, "इओसेफोकाका, तुमची कधी?" मी म्हणे, "माझा विश्वास नाही!" सगळ्या गावात एकटा मी. छाती काढून.

बुधवारी बघतो तर तानिएलु बाजारातून नवंकोरं जाळं घेऊन येतोय. मासे धरायचं!

म्हटलं, "तानिएलु, परवा जग बुडतंय ना रे?"

"बुडतंय काका. नक्की."

"मग हे जाळं?"

इकडे तिकडे बघितलं, जवळ आला, नाकातला आवाज गेला, साधा आवाज आला. म्हणाला, "समजा काका... समजा नाहीच बुडालं, तर शनिवारी पोरांना घालू काय?"

तेव्हापासून मी त्याला शिव्या कमी घालतो.

मुद्द्यावर येतो. येतो हो! म्हातारा माणूस वळसा घालूनच येतो, सरळ वाटेवर काय आहे ते त्याला माहीत असतं ना...

माझा भाऊ. पेनिआमिना, माझ्यापाठचा. तो पलीकडे, तुतुइला बेटावर, तिथं अमेरिकेचं राज्य, माशांच्या कारखान्यात कामाला. हवा स्वच्छ असली की आमच्या किनाऱ्यावरून ते बेट दिसतं, निळं, पुसट, आता पुसलं जाईल असं. लाट आली तेव्हा तो इथं होता, आईला भेटायला आलेला. आई ऐंशीची, पाय गेलेले. मी वर डोंगरावर अळवाच्या रानात. समुद्र मागं गेला तसं यानं आईला पाठीवर घ्यायला हात घातला, तर आई ओरडली, "आधी चटई! चटई ने वर!" चटई म्हणजे बसायची नव्हे, आमच्याकडची मानाची. बारीक विणीची, आईच्या आईनं चार वर्षं खपून विणलेली, रेशमासारखी. लग्नाला, मयताला तीच. आईचा शब्द! आमच्यात आई म्हणाली म्हणजे देव म्हणाला. तो चटई घेऊन पळाला, वर ठेवली, वळला... आणि खाली घरच नव्हतं.

मी धावत आलो तेव्हा तो वाटेवर उभा होता. चटई कोरडी होती.

मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, "चटई वाचवलीस ना? आता तिलाच आई म्हण." बस. एवढंच. तो चटई घेऊन गेला त्याच्या बेटावर, आणि दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. आणि मी स्वतः कुठं होतो? डोंगरावर. झाडाखाली. झोपलेला! हे मला कुणी विचारलं नाही. त्यानंही नाही.

तर त्या डिसेंबरात मोएलांगीचा फोन वाजला. तिनं माझ्या कानाला लावला, "बोल, तुझा भाऊ आहे."

"दादा..."

मी फोन मोएलांगीकडे ढकलला, तिनं तो परत माझ्या कानाला दाबला.

"दादा, तानिएलुचं इथंवर आलंय. खरं असो, खोटं असो. मी एकदा बुडताना बघितलंय, आता तुला न भेटताच राहून गेलो तर... मी येतो. आईची चटई घेऊन येतो. तुझ्या दारात बसतो."

आता दारात बसणं म्हणजे काय, ते आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याचा गुन्हा, त्यानं डोक्यावर मानाची चटई पांघरून समोरच्याच्या घरापुढं उन्हात बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. घरच्यानं बाहेर येऊन चटई उचलली की माफ. नाही उचलली तर बस तसाच. खुनासारख्या गुन्ह्याला करतात हे! भावाभावांत कोण करतं? आणि मला कुणी असं हलवलं की माझ्या तोंडातून घाणच बाहेर पडते, सवय आहे. शेजारी चारजण बसलेले, कान टवकारून. मी म्हणालो, "शुक्रवारी ये. शुक्रवारी उचलतो तुझी चटई!"

चौघं जे हसले! मी हसलो, माझी कवळी सुटली हसताना! कसली कोटी! इथं शुक्रवार नाही, ये म्हणे शुक्रवारी! दोन दिवस गावभर सांगत सुटलो.

तो फोनवर होताच अजून. म्हणाला, "बरं दादा. शुक्रवारी."

तर तो गुरुवार आला, गेला. सकाळी शनिवार. जग जागेवर! माणसं एकमेकांना चिमटे काढतायत, कुणी रडतंय, कुणी डुकरांच्या रिकाम्या कुंपणाकडे बघतंय. तानिएलु देवळाच्या पायरीवर, "बुडालं ना! शुक्रवाऽऽर बुडाला! मी चुकलो कुठं?" मी हसायला तोंड उघडलं आणि... कसं सांगू... आवाज नव्हता. समुद्राचा नाही, पक्ष्यांचा नाही. मला वाटलं, दिवस मागं सरलाय. समुद्र सरतो तसा. मागं गेलेलं आता परत येणार. तुम्हीच सांगा ना, एवढा मोठा शुक्रवार, तो गेला कुठं?

मी घरापुढं जाऊन बसलो. सांगतोच आता, लपवून काय करू? मी रस्त्याकडे बघत बसलो होतो. डुकरीण का मारली नाही म्हणता? विश्वास नव्हता म्हणून? थू! तो येणार म्हणून ठेवली होती. चटई उचलल्यावर भावाला वाढायचं काय, अळकुड्या? मी म्हणत होतो शुक्रवार, पण बघत होतो शनिवार. बोटीतून उतरेल, येईल, बसेल. थोडा वेळ बसू देणार होतो. फार नाही... नारळ सोलायला लागतो तेवढा वेळ.

फोन वाजला. त्याची मुलगी.

"काका, बाबा गेले. सकाळी, धक्क्यावर. बोटीची वाट बघत चटईच्या गाठोड्याला टेकून बसले होते. लोकांना वाटलं डोळा लागलाय."

मी म्हटलं, "कुठल्या सकाळी?"

"आजच्या, काका. शुक्रवारच्या."

त्यांच्याकडे होता हो! रेघेच्या पलीकडे शुक्रवार होता! सूर्य तोच, सकाळ तीच, इथं मी शनिवारात बसलेला आणि तिथं तो शुक्रवारात. ती म्हणाली, "आम्ही सांगितलं त्यांना, काकांनी चेष्टा केलीय, तिकडे शुक्रवारच नाही. तर म्हणाले, त्याच्याकडे नसला म्हणून काय झालं, माझ्याकडे आहे. मी माझा घेऊन जातो."

तीन दिवसांनी बोट आली. पेटी आणली घरापुढं, ठेवली उन्हात, वर आईची चटई. सगळं गाव उभं. कुणी बोलेना, कुणी हलेना. मोएलांगी कानाशी आली, "म्हाताऱ्या, जा आता. तुझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही तिला."

गेलो. उचलली. खारट वास येत होता... आणि म्हटलं, "ऊठ." माणूस काहीही बोलतो.

डुकरीण त्याच्याच मयताला कापली.

तानिएलुचं चालूच आहे. परवा आला, त्याच नाकातून, "काका, नवा हिशोब जुळलाय. या खेपेला नक्की. येत्या शुक्रव—" म्हटलं, थांब! गुरुवार घे, मंगळवार घे, ईस्टरचा रविवार घे, मी पहिला येऊन देवळात बसतो, डुक्कर देतो, टाळ्या वाजवतो. पण शुक्रवारी तुझी जगबुडी नको रे बाबा. शुक्रवारी मी खाली आईच्या जुन्या घराच्या चौथऱ्यावर बसलेला असतो, डोक्यावर चटई घेऊन... आणि ती उचलायला येणारा बोटीत बसलाय का नाही, ते अजून कळलेलं नाही.