काचेतल्या पत्रकाचं अक्षर

सन्माननीय अध्यक्षा नित्ता सायोको-सान, व्यासपीठावरचे उपनगराध्यक्ष यानागिसावा-सान, ‘स्त्रियांची खोली’ या संस्थेच्या सर्व सभासद भगिनी, आमच्या गल्लीतली शेजारी मंडळी, आणि पहिल्या रांगेत बसून आत्ताच घड्याळाकडे पाहणारी आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी पत्नी मित्सुए,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी लिहून आणलं आहे, पण चष्मा हाच आणायचा होता की दुसरा, याची आता शंका येते आहे. मागे ऐकू येतंय ना? नाही म्हणजे, येत नसेल तर हात करा. बरं.

माझं शिक्षण फार नाही. युद्धाच्या काळात शाळेऐवजी कारखान्यात पाठवलं, ते पुन्हा शाळेत गेलोच नाही. अक्षर मात्र बरं होतं, म्हणून सायक्लोस्टाइलचं दुकान टाकलं. लोखंडी पाटीवर मेणकागद ठेवायचा, टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची. मी कोरायचो आणि मित्सुए शाईचा रूळ फिरवायची. शाळेचे पेपर, गल्लीच्या सूचना, अंत्यविधीची पत्रं, या गावातला प्रत्येक कागद माझ्या अक्षरात असे. अर्थ कळलाच पाहिजे असं नव्हतं. आकार कळला की काम होई.

अडतीस वर्षांपूर्वी आजच्या अध्यक्षा तोक्योहून शिक्षण अर्धं टाकून परत आल्या होत्या. कापलेले केस, पायात पुरुषी बूट. दुकानाच्या फळीवर त्यांनी हस्तलिखित ठेवलं आणि मित्सुएला म्हणाल्या, “काकू, एवढं छापून द्या. पण वाचून मग नाही म्हणायचं नाही हं.”

मित्सुए म्हणाली, “आम्ही वाचत नाही बाई. आम्ही छापतो.”

आत बसून कोरतंय कोण, हे त्यांना दिसलं नाही. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘मूल कधी, हे आम्ही ठरवू’ असं वर मोठ्या अक्षरात होतं. खाली दिवस कसे मोजायचे, काय वापरायचं, डॉक्टरला काय विचारायचं. सून ही सासरची वस्तू नव्हे, असंही एक वाक्य होतं. एक चित्रही होतं. मला वाटलं, लोणच्याच्या बरणीचं झाकण असावं. मी मन लावून कोरलं. ते मूल न राहण्याचं बायकांचं साधन होतं. आता हसा, पण तेव्हा मला खरंच ते झाकण वाटलं.

पत्रकं घरोघरच्या टपालपेट्यांत पडली आणि चौथ्या दिवशी गल्लीचे प्रमुख मोमोसे-सान दुकानात आले. ते आज हयात नाहीत. त्यांनी पत्रक टेबलावर आपटलं.

“कुरिहारा, आमच्या आईच्या अंत्यविधीचं पत्र तू लिहिलंस. त्याच अक्षरात आता हे? मुख्याध्यापक विचारतायत, अशा माणसाच्या हाती मुलांचे पेपर द्यायचे का?”

शाळेचे पेपर गेले असते तर दुकान गेलं असतं. मी म्हणालो, “मी नाही. बायकोने कोरलं. शेजारी बसून बसून तिला माझं अक्षर जमतं.”

मित्सुए चहा घेऊन येत होती. तिने पेला ठेवला, तो त्या पत्रकावरच ठेवला गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, “हो. मीच.”

“मग दारोदार जाऊन माफी मागा. गल्लीत बेचाळीस घरं आहेत.”

ती तीन दिवस जात होती. प्रत्येक दारात कमरेत वाकून म्हणायची, “आमच्यामुळे आपल्याला त्रास झाला. क्षमा असावी.” कुठे सासूबाई बोलायच्या, कुठे दार लावून घ्यायचे. मी घरी गणिताचा पेपर कोरत होतो. मला काय वाटत होतं, असं नित्ता-सानच्या मुलीने परवा मुलाखतीत विचारलं. काही वाटत नव्हतं. भागाकाराची उदाहरणं होती, रेघा सरळ यायला हव्या होत्या, एवढंच आठवतं. आजही त्या आठवणीला हात लावून पाहिला तर काही लागत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी ती परतली. म्हणाली, “अंघोळीचं पाणी तापलंय?”

“तापलंय.”

“सरपण तर संपलं होतं. कशावर तापवलंत?”

उरलेली पत्रकं मी न्हाणीच्या चुलीत घातली होती. पुरावा नको म्हणून. तसं सांगितलं. ती गेली, बराच वेळ पाण्यात बसली. बाहेर येऊन केस पुसता पुसता म्हणाली, “मोमोसे-सानच्या दारात मी वाकलेली असताना त्यांच्या सुनेने मागून हळूच विचारलं, ‘वहिनी, आमचं पत्रक मामंजींनी नेलं, आणखी एक मिळेल का?’ तशा सात जणी निघाल्या. आता मला कोरायला शिकवा.”

मोमोसे-सानच्या सूनबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मान खाली घालू नका वहिनी, आता कोण रागावणार आहे?

मोमोसे-साननी आपटलेली ती एकच प्रत उरली होती. तिच्यावरून मित्सुएने नवा मेणकागद कोरला. पहिले आठ फाटले. नववा छापला. त्यानंतरचं प्रत्येक पत्रक तिचं आहे. बायका मागच्या दाराने विचारायला येऊ लागल्या, त्यांना बसायला आमची मागची खोली झाली आणि त्या खोलीचंच नाव संस्थेला पडलं. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे.

पण बाहेर काचेच्या पेटीत जे पत्रक ठेवलंय, ज्यावर चहाचा गोल डाग आहे, ते पहिलं आहे. त्याखाली पाटी आहे, ‘हस्ताक्षर : कुरिहारा मित्सुए’. आणि त्याच्यासाठी आज तिला मानपत्र मिळतं आहे. ते अक्षर माझं आहे.

नित्ता-सान, तुम्ही असं पाहू नका, मला पुढचं वाचता येणार नाही.

आज सकाळी मी हिला विचारलं, “सांगू का?” ती मोजे शोधत होती. म्हणाली, “सांगा. पण थोडक्यात. लोकांना जेवायचं असतं.” मी म्हटलं, “आणि ती पाटी?” तर म्हणाली, “पाटीला हात लावायचा नाही. वाकले मी. पत्रक माझंच.”

तिचं म्हणणं मला मोडता येत नाही. पाटी राहू द्या. फक्त तिच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ घाला, ‘कोरलं नवऱ्याने, नाव सांगितलं बायकोचं.’ ती ओळ मी स्वतः कोरून देईन.

आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात कुठे रेघ वाकडी गेली असेल, कुठे शाई जास्त लागली असेल, तर समजून वाचावं.

एकच राहिलं. मोमोसे-साननी घरं मोजली, त्यात आमचं घर धरलं नव्हतं. त्या दारात माफी मागायला अजून कोणी गेलेलं नाही. पाठ पूर्वीसारखी वाकत नाही, तेवढं चालवून घ्या.

मित्सुए, आमच्यामुळे आपल्याला त्रास झाला. क्षमा असावी.