पंचवीस मिनिटं पुढे

बायको : अहो, पण तुम्ही मनातल्या मनात पंचवीस मिनिटं वजा करणार, हे मला काय माहीत!

नवरा : बारा वर्षं करतोय! मी कुठे वेळेवर पोचत नाही म्हणून तूच ते घड्याळ पुढे लावलंस ना?

बायको : हो, आणि काल रात्री मीच ते बरोबर केलं. म्हटलं, मुलाखतीच्या दिवशी तरी घरात खरी वेळ असू दे. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. चुकलं माझं.

नवरा : मी आपला निवांत बूट पुसत बसलो. पोचलो तर कंपनीच्या फाटकावरचा वॉचमन म्हणतो, साहेब वाट बघून गेले, आता फोन करा.

बायको : मोबाइल तरी बघायचा.

नवरा : मुलाखतीत वाजेल म्हणून बंद करायला कोणी लावला?

बायको : मीच. घ्या, सगळं खापर माझ्याच डोक्यावर फोडा. पण आधी फोन लावा.

नवरा : काय तोंडाने लावू? छापखाना बंद झाल्यापासून सात महिन्यांत ही एक मुलाखत आली होती.

बायको : सांगा, मावशी जिन्यावरून पडली.

नवरा : तुझ्या भावाच्या साखरपुड्याला उशीर झाला तेव्हाही तीच पडली होती.

बायको : मग तिला सवय आहे. लावा! आणि स्पीकरवर ठेवा.

(तो नंबर फिरवतो.)

फोनवरच्या बाई : हॅलो, बोला.

नवरा : नमस्कार मॅडम. लेबलं छापायच्या मशीनसाठी आज दहाला माझी मुलाखत होती. मला उशीर झाला.

फोनवरच्या बाई : कारण काय लिहू?

नवरा : ते... आमची मावशी... नाही, खरंच सांगतो मॅडम. आमच्या घरचं घड्याळ आज बरोबर होतं.

फोनवरच्या बाई : बरोबर होतं म्हणून उशीर?

नवरा : एरवी पंचवीस मिनिटं पुढे असतं. बायकोने काल माझ्या काळजीपोटी नीट केलं, आणि मी सवयीने वजाबाकी केली.

फोनवरच्या बाई : अगं बाई! आमच्याकडेही दहा मिनिटं पुढे असतं हो. बरं, मशीन कुठलं चालवलंय तुम्ही?

नवरा : चार रंगांचं. एकोणीस वर्षं. नुसत्या आवाजावरून सांगतो कुठला रोलर घासतोय ते. आणि कागद जरा जरी दमट असला ना मॅडम, तर लाल रंग केसभर सरकतो. पोरं उगाच मशीनला शिव्या देतात. आधी कागद हातात घेऊन बघायचा, मग—

फोनवरच्या बाई : थांबा, थांबा! हे सगळं साहेबांना सांगा. उद्या अकराला या. पण आता वजाबाकी नको.

नवरा : नाही मॅडम. आभारी आहे.

बायको : बघा! मिळाली की नाही वेळ?

नवरा : वेळच मिळाली. नोकरी कुठे मिळाली अजून? आणि नाही मिळाली तर?

बायको : तर दुसरीकडे अर्ज करू. सात महिन्यांत हूं आणि हां यापलीकडे तुम्ही माझ्याशीसुद्धा बोलला नाहीत. आज किती बोललात! मला आजच्यापुरतं तेवढं पुष्कळ आहे.